चादरीवरचा ‘उ’

माझ्या वाट्याला आलेला नकाशा उरलेला होता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला भूगोलाच्या मॅडमनी सेमिनारसाठी टेबलावर नकाशे पसरले आणि ज्याला जो हवा तो उचला म्हणाल्या. कुणी भीमेचं खोरं उचललं, कुणी कोकणातली खाडी, कुणी घाट. पुढं जावं की थांबावं, याचा मी विचार करत राहिले. माझा विचार संपला तेव्हा टेबलावर एकच गुंडाळी शिल्लक होती.

ती उलगडली तर आत अमेरिकेतला एक जुना स्थलनिर्देशक नकाशा. कुणीतरी निवृत्त होताना विभागाला दिलेल्या नकाशांपैकी तो असावा, असं मॅडम म्हणाल्या. कागद कडांना पिवळा पडला होता. मधून एक नदी वळणं घेत जात होती. तिच्या दोन्ही बाजूंना छोटे बांध, बांधांमागं तळी आणि तळ्यांना लागून चौकोनी चौकोनी तुकडे. त्या तुकड्यांवर बारीक इंग्रजी अक्षरं होती. मॅडम म्हणाल्या, मोठ्यानं वाच.

मी वाचलं, “क्रॅनबेरी बाग.”

वर्ग हसला. माझं काय चुकलं ते मला कळेना. आमच्याकडं द्राक्षाची बाग असते, डाळिंबाची बाग असते. फळाचं नाव आणि पुढं तसलाच शब्द दिसल्यावर मी दुसरं काय वाचणार? मॅडम म्हणाल्या, “बाग नाही गं, बॉग. बॉग म्हणजे दलदल.” मग म्हणाल्या की तशी ती बागच आहे म्हणा, चिखलातली. त्यांनी ते मला सावरायलाच म्हटलं होतं, पण माझे कान तापले ते तापलेच.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या आधी मी दोन वेळा सेमिनारला उभी राहिले होते आणि दोन्ही वेळा काही न बोलता खाली बसले होते. घरी आम्ही अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलतो, आणि ते मराठी ‘हाय-न्हाय’चं. वर्गात उभी राहिले की मी आधी मनात प्रत्येक वाक्य धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवायची. तोवर बोलायची वेळ निघून जायची. या खेपेला मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की जे सेमिनार देतील त्यांनाच तिसऱ्या वर्षाला भूगोल हा मुख्य विषय घेता येईल. मला भूगोलच घ्यायचा होता. का, ते मला नीट सांगता येणार नाही. कागदावर बोट ठेवून, न पाहिलेल्या ठिकाणी चढ आहे की उतार हे ओळखता येतं, याचंच मला पहिल्या वर्षापासून नवल वाटत होतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. माझे वडील, अप्पा, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात माग चालवतात. त्यांनी मला कधी कशाला अडवलं नाही. फक्त एकदा, जेवताना, सहज विचारावं तसं विचारलं होतं की भूगोल शिकून माणूस करतो काय. मी म्हटलं, नकाशे वाचतो. ते म्हणाले, “मग वाचून दाखव की एकदा.” मी हो म्हटलं आणि तो विषय तसाच राहिला.

नकाशा घरी नेता येत नव्हता. विभागात बसून त्यातला एक भाग पातळ कागदावर उतरवून घ्यायचा, मग तो आलेखाच्या कागदावर मोठा करायचा आणि चौकोन मोजून पाण्याखालचं क्षेत्र काढायचं, असं काम होतं. भवानी पेठेतल्या आमच्या खोलीत तेवढा कागद पसरायला सपाट जागा नव्हती. पलंगावर पसरला तर अव्वा, म्हणजे माझी आई, भाकरी थापता थापता ओरडायची, की पीठ उडतंय, उचल. म्हणून मी शेजारच्या मास्तरांकडं जायची.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, डिझाईनचे मास्तर. तेलुगू घर. चादरीवर मोर, कमळ, वेलबुट्टी काय यायची असेल ती मास्तर आधी आलेखाच्या मोठ्या कागदावर एकेक चौकोन रंगवून काढतात. मग त्यांच्या पत्नी, ज्यांना आख्खी गल्ली अक्का म्हणते, तो कागद समोर लावून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात. रंगवलेला चौकोन आला की भोक, कोरा आला की सोडून द्यायचं. ती कार्डांची माळ कारखान्यात मागाच्या डोक्यावर चढते आणि भोकं पाहून माग मोर विणतो. आता बऱ्याच ठिकाणी हे काम कॉम्प्युटर करतो, पण दोन-तीन जुने कारखाने अजून मास्तरांकडंच येतात. अप्पांचा कारखाना त्यातला एक.

मास्तरांनी मला टेबलाची एक बाजू दिली, त्यांच्याकडचा आलेखाचा कागद दिला आणि टोक काढलेली निळी पेन्सिल दिली. मी नदी, तळी आणि चौकोनी तुकड्यांभोवतीचे चर, म्हणजे जिथं जिथं पाणी आहे ते सगळे चौकोन निळे करत गेले. जमीन कोरी ठेवली. मास्तर अधूनमधून चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, “बॉर्डर कुटं हाय तुझ्या डिझाईनला?” मी सांगायची की नदीला बॉर्डर नसते. ते म्हणायचे, मग खपणार नाही.

क्रॅनबेरी काय असते ते मी मोबाईलवर पाहिलं. करवंदाएवढं लाल, आंबट फळ. जमिनीसरशी पसरणारी वेल. आणि गंमत म्हणजे फळ पिकलं की तिथले शेतकरी तळ्यातलं पाणी शेतात सोडतात. आख्खं शेत बुडवतात. फळ आतून पोकळ असतं, म्हणून ते वर तरंगतं आणि सगळं शेत लाल होतं. मग माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ते एका कोपऱ्यात गोळा करतात. मी तो व्हिडिओ अक्कांना दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “एवढं पाणी हाय त्यांच्याकडं, फळं पवायला घालतात.”

मी फोनवर त्या नदीचं आजचं चित्रही शोधलं. वळण अगदी तेच होतं, मला बघितल्याबरोबर ओळखू आलं. पण नकाशातले काही चौकोन आता नव्हते, तिथं झाडी उगवली होती. नकाशातली एक बारीक रेल्वेलाईनही गायब होती. एका जागी शाळेची खूण होती, तिथं आता काय आहे ते झाडांमुळं दिसेना. सोलापूरच्या जुन्या नकाशात गिरण्या असतील, तसंच हे. मला ती नदी आता थोडी माझी वाटू लागली होती.

नकाशा पुरा झाला त्या संध्याकाळी मी वरच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढला आणि त्याच्या डोक्यावर ठळक ‘उ’ रंगवला. शेवटचा चौकोन भरत होते तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली की पाणी आलं. सोलापुरात पाण्याचा दिवस असतो आणि त्या दिवशी बाकी सगळं थांबतं. मी कागद होता तसा मास्तरांच्या कागदांवर ठेवला आणि घागरी घ्यायला पळाले. पिंप, घागरी, बादल्या, शेवटी पातेली आणि तांबेसुद्धा भरले. नकाशा उद्या घेऊ म्हटलं. मास्तर त्या दिवशी नात्यातल्या लग्नाला तेलंगणात गेले होते. मला ते माहीत होतं, पण त्याचा नकाशाशी काही संबंध असेल असं वाटायचं कारण नव्हतं.

दोन-तीन दिवस मी बोलायची तयारी करत राहिले, नकाशा मास्तरांकडं नीट आहे म्हणून आणायला गेलेच नाही. सेमिनारच्या आदल्या दिवशी अप्पा कामावरून आले, हात-पाय धुतले आणि ताटावर बसता बसता हसायला लागले. अव्वानं विचारलं काय झालं.

“काय न्हाय, आज एक डिझाईन आलंय नवीन. नमुना काढला. लई येडं डिझाईन.”

“मोर न्हाय व्हय?”

“कसला मोर. एक वाकडातिकडा साप हाय मधनं. सापाच्या पोटाला फुगे. आन् बाजूला खिडक्या. मालक बघतो, जॉबर बघतो, कुणाला काय कळंना.” अप्पांनी घास घेतला. जॉबर म्हणजे त्यांचा मुकादम. “आन् वर कोपऱ्यात एक ‘उ’.”



“उ?” मी विचारलं.

“उ. उखळाचा उ. त्याच्याखाली बाण. जॉबर म्हणतो, कुठल्या तरी पार्टीचा मार्का असंल. मी म्हणलं, उत्तम क्वालिटीचा उ असंल.”

मी तशीच, खरकट्या हातानं, मास्तरांच्या घरी गेले. टेबलावर माझा कागद नव्हता. अक्का शांतपणे म्हणाल्या, तो तर मी केव्हाच पंच करून दिला. त्यांच्या हिशेबानं सगळं बरोबर होतं. मास्तर गावाला जाताना काम वर ठेवून जातात, कागद वर होता, चौकोन रंगवलेले होते, म्हणजे ते कामच. “मी म्हणलं, यांना या वयात काय तरी नवीन सुचलंय,” अक्का म्हणाल्या. “भोकं पाडताना लई कट्टाळा आला बघ. कुटं सरळ म्हणून न्हाय.” मग मी सांगितलं की ती नदी आहे. अक्कांनी तोंडावर पदर घेतला आणि खुर्चीत बसून अशा हसल्या की मलाही रडायचं होतं ते सुचेना.

कार्डांबरोबर मूळ कागदही कारखान्यात गेला होता. अप्पा म्हणाले, तो जॉबरनं मागाजवळ टांगला होता, त्यावर तेल सांडलंय आणि निम्मा रंग फुटलाय. दुसरा नकाशा काढायला वेळ नव्हता. मूळ नकाशा विभागाच्या कपाटात, आणि सेमिनार सकाळीच. मी पलंगाच्या कडेला बसले. या वेळी तर माझ्याजवळ खाली बसायला चांगलं कारणही होतं. आणि खरं सांगायचं तर त्या कारणानं मला थोडं हलकंच वाटलं. मॅडमना सांगायचं, नकाशा गेला, आणि बसायचं.

अप्पा ताट धुऊन आले. घरात ताट ज्याचं त्यानं धुवायचं. ते म्हणाले, “नमुना हाय की.”

“नमुना चादरीचा हाय, अप्पा.”

“मग नदी त्याच्यावरच हाय न्हवं? मालकाला मी उद्या सकाळी मागतो. त्याला काय, तो ठेवून घेऊन काय करणार. मी आणून देतो कॉलेजच्या फाटकावर.” आणि जरा वेळानं, पाठ करून झोपताना, “तुला वाचता येती न्हवं ती नदी?”

येते, मी म्हटलं.

सकाळी मी फाटकाशी थांबले आणि अप्पा आले नाहीत. घंटा झाली. माझ्या आधीच्या मुलानं कोकणातली खाडी सांगितली, छान सांगितली. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी उभी राहिले. हातात काही नाही आणि तोंडात नेहमीचं ‘अं’. मनात मी घडी घातलेलं पहिलं वाक्य होतं, ‘प्रस्तुत नकाशामध्ये आपल्याला असे दिसून येते की’, पण प्रस्तुत नकाशाच नव्हता.

तेवढ्यात दारात अप्पा दिसले. सायकल हाणत आल्यामुळं धाप लागलेली, केसांत कापसाची तूस, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं गाठोडं. ते आत यायला तयार होईनात, बाहेरूनच मला खुणावत होते. मॅडमनी विचारलं, कोण आहेत. मी म्हटलं, माझे वडील, नकाशा घेऊन आलेत. मॅडम म्हणाल्या, मग आत या ना, बसा. अप्पा शेवटच्या बाकाच्या अगदी कडेला बसले, कुणाला जागा लागली तर उठता यावं असे.

मी गाठोडं सोडलं. मीसुद्धा ते पहिल्यांदाच बघत होते. मागावर त्या दिवशी लाल आणि निळं सूत होतं. जिथं मी निळी पेन्सिल फिरवली होती तिथं निळा धागा आला होता, आणि कोरी जमीन सगळी लाल झाली होती. लाल जमिनीतून निळी नदी. तळी. चरांनी वेढलेले लाल चौकोन, क्रॅनबेरीचे. आणि डिझाईन आडवं पुन्हा पुन्हा विणलं जातं म्हणून एकीच्या जागी चार नद्या शेजारी शेजारी वाहत होत्या. चौघींच्या डोक्यावर चार ‘उ’. मी तीन नद्या आत दुमडल्या आणि एक फळ्यावर धरली.

मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “डबल बेडची हाय का सिंगल?”

सगळे हसले. मी मनात वाक्य शोधायला लागले, आणि वाक्य सापडायच्या आधीच माझ्या तोंडून गेलं, “नमुना हाय. मागणी आली तर डबल काढू.”

हशा दुप्पट झाला, पण या खेपेला मीही त्यात होते. माझ्या तोंडून ‘हाय’ गेलं होतं आणि काही बिघडलं नव्हतं. कुणाचं तिकडं लक्षही नव्हतं, सगळ्यांचं लक्ष चादरीवर होतं. पुढच्या दोन मुली तर उठून जवळ येऊन बघत होत्या.

मग मी नुसती नदी सांगत गेले. ही नदी हितनं येते. हा तिच्यावरचा छोटा बांध. पाणी या तळ्यात थांबतं, तिथनं चरात येतं, चर प्रत्येक चौकोनाला वळसा घालतो. पीक वाढताना पाणी चरात असतं, शेत उघडं असतं. काढणीच्या वेळी काय होतं? हे मीच विचारलं आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी चादर उलटी केली.

आमच्या चादरीची गंमत ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. तिला दोन्ही बाजूंनी नक्षी असते, फक्त रंग अदलाबदल होतात. पुढून जे लाल ते मागून निळं. मी उलटी केली आणि ते सगळे लाल चौकोन निळे झाले. शेतात पाणी आलं. चर होते ते आता लाल रेघा होऊन बांधासारखे दिसत होते. ज्यानं डबल बेडचं विचारलं होतं तो म्हणाला, “आयला.” मॅडमनी त्याच्याकडं पाहिलं, पण रागावल्या नाहीत.

“मागच्या बाजूनं नदीसुद्धा लाल झालीय, तिचं काय?” मॅडमनी विचारलं.

मी म्हटलं, तेवढं सूत माझं ऐकत नाही. तेवढं माफ करावं लागेल.

“आणि आता पूर्व कुठं?”

मी बघितलं. ‘उ’ आरशात दिसावा तसा उलटा झाला होता. मी सावकाश बोलले, कारण इथं मला खरोखरच विचार करायचा होता. उत्तर वरच राहिली. पण चादर आडवी पालटली म्हणून पूर्व डाव्या हाताला गेली. म्हणजे मागच्या बाजूनं पाणी बघायचं, दिशा बघायच्या नाहीत. मॅडम म्हणाल्या, बरोबर. मग विचारलं, कुणाला काही प्रश्न?

कुणी हात वर केला नाही. मग शेवटच्या बाकाच्या कडेवरून अप्पांनी केला. शाळेत करतात तसा, कोपरातून सरळ. बहुतेक त्यांना वाटलं तसं करावंच लागतं.

“ते एवढं पाणी शेतात घेत्यात,” अप्पा म्हणाले. “फळं निघाली की मग त्या पाण्याचं काय करत्यात? वाया जातं?”

आमच्या घरी पाण्याच्या दिवशी तांबेसुद्धा भरून ठेवतात, तेव्हा हा प्रश्न अप्पांनाच पडणार होता. मी चादर पुन्हा सुलटी केली आणि बोट ठेवलं.

“वाया न्हाय जात, अप्पा. हितनं खालच्या शेतात सोडतात, तितनं त्याच्या खालच्या. शेवटी परत नदीला.”

“परत नदीला,” अप्पा म्हणाले आणि हात खाली घेतला. “मग झकास हाय.”

सेमिनार झाल्यावर मॅडमनी मला एवढंच विचारलं की पुढच्या वर्षी भूगोलच ना? मी हो म्हटलं. त्यांना तो नमुना विभागात लावायचा होता, पण मी म्हटलं, विचारून सांगते. फाटकापर्यंत अप्पा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले. त्यांना कामावर उशीर झाला होता. सायकलवर बसता बसता म्हणाले, “वाचून दाखवलीस मग,” आणि पॅडल मारलं.

मालकानं ते डिझाईन काही घेतलं नाही. साप कोण पांघरणार, म्हणाला. मास्तर लग्नाहून परतले तेव्हा आधी अक्कांवर चिडले, मग नमुना उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, बॉर्डर असती तर खपला असता. शेवटी त्या कापडातली एक नदी विभागाच्या भिंतीवर गेली आणि तीन नद्या आमच्याकडं राहिल्या. थंडीत अप्पा त्या पायावर घेतात.

मी अजूनही मास्तरांच्या टेबलावरच नकाशे काढते, आता तिसऱ्या वर्षाचे. फरक एवढाच की पंचिंगला बसण्यापूर्वी अक्का प्रत्येक कागद हातात धरून, मास्तरांचा असला तरी, भिंतीपलीकडून मला आधी विचारतात,

“ए पोरी, ही नदी हाय का चादर?”